बोलकीं निशाणें

(नभोवाणीवरून वाचलेलें भाषण)

बंदुकीचा बार झाला म्हणजे पहिला प्रश्न मनांत येतो तो एकच : लागली का? हा प्रश्न नेमबाजाच्या मनांत येतो, त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मनांत येतो, आणि बघ्यांच्या मनांत तर तो सर्वांच्या आधीं येतो. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं माणसानें किती खटाटोप केला आहे, हें पाहूं लागलें म्हणजे मोठी मौज वाटते. आज मी आपणांस बंदुकीविषयीं फारसें सांगणार नाहीं. बंदुकीच्या पुढें जें उभें असतें त्या निशाणाविषयीं सांगणार आहें. आणि त्यांतहि अशा निशाणांविषयीं कीं, जीं गोळी लागतांच आपण होऊन तसें सांगतात. कोणी फुटतें, कोणी पडतें, कोणी काळ्याचें पांढरें होतें. यांना मी बोलकीं निशाणें असें नांव देतों.

आमच्याकडे पलटणीच्या वस्तीच्या गांवांत ‘चांदमारी’ नांवाची एक जागा असते. तेथें मातीचा उंच बांध, त्याच्या पुढें लांकडी चौकटीवर ताणलेला कागद, व त्या कागदावर काळें वर्तुळ. हा कागदी चांद मुका असतो. गोळी त्यांतून आरपार निघून जाते. दुरून पाहणाराला मात्र चांद पूर्वीं होता तसाच दिसतो. असें कां व्हावें, याचा हिशेब शाळेंतील मुलासहि करतां येईल. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा कोन करणारी वस्तु निरोगी डोळ्याला जेमतेम वेगळी ओळखूं येते. पन्नास मीटरांवर हा कोन सुमारें १४.५ मिलिमीटरांचा होतो. लहान रायफलीच्या गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. म्हणजे डोळ्याला हवें त्याच्या निम्म्याहूनहि तें भोंक लहान. तीनशें मीटरांवर तर डोळ्याला ८७ मिलिमीटर लागतात आणि गोळी आठ मिलिमीटरांचीहि नसते. त्यांत आणखी एक गंमत आहे. भोंक कागदाच्या पांढऱ्या भागांत पडलें तर तें क्वचित् दिसेल. काळ्यांत पडलें तर काळ्यावर काळें मुळींच दिसत नाहीं. नेम जितका चुकावा तितकी खूण दिसण्याचा संभव अधिक, आणि नेम साधला कीं खूण नाहींशी! मुक्या निशाणाची ही खोड फार जुनी आहे.

धनुष्यबाणाच्या काळीं ही अडचण इतकी जाणवत नसे, कारण बाण निशाणांत रुतून राहतो व आपली साक्ष आपणच देतो. तरीहि जेथें पुष्कळांच्या देखत निकाल लागावयाचा असे, तेथें आपल्या पूर्वजांनीं पडणारें निशाण पसंत केलेलें दिसतें. द्रोणाचार्यांनीं झाडाच्या शेंड्यावर बसविलेला कृत्रिम पक्षी आपण सर्व जाणतों. त्या कथेंतील ‘मला फक्त डोळा दिसतो’ एवढाच भाग आपण मुलांना सांगतों. परंतु कथेचा शेवट असा कीं, पक्ष्याचें मस्तक तुटून खालीं आलें. द्रौपदीच्या स्वयंवराचीहि तीच गोष्ट. मासा व पाण्यांतील त्याचें प्रतिबिंब हें चित्र कीर्तनांतून आपल्या मनांत ठसलेलें आहे. आदिपर्वांतील वर्णनांत यंत्र आहे, यंत्राला छिद्र आहे आणि त्यापलीकडे लक्ष्य आहे, व तें लक्ष्य विद्ध होऊन भूमीवर पडतें. हें पडणें महत्त्वाचें होतें. सभेंत देशोदेशींचे मत्सरी राजे बसलेले, आणि बाण मारणारा एक अनोळखी ब्राह्मण! निशाण मुकें असतें तर ‘लागला’ हें कोणी कबूल केलें असतें?

ग्रीकांच्या ‘इलियड’ काव्यांत पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या वेळच्या खेळांचें वर्णन आहे. तेथें जहाजाच्या डोलकाठीला बारीक दोरीनें कबुतर बांधलें होतें. अकिलीझनें आधींच सांगून ठेवलें कीं, पक्ष्याला मारील त्याला मोठें बक्षीस आणि जो पक्षी चुकून दोरी तोडील त्याला कमी बक्षीस. ट्यूसरच्या बाणानें दोरीच तुटली, पक्षी उडाला, व उडत्या पक्ष्याला मेरिओनीझनें पाडलें. अकिलीझच्या या दूरदृष्टीचें मला कौतुक वाटतें. कारण निशाण दोन प्रकारें बोलूं शकतें हें त्यानें आधींच ओळखलें होतें. पुढें युरोपांत उंच खांबावर लांकडी पोपट बसवून तो पाडण्याच्या स्पर्धा शतकानुशतकें चालत आल्या. स्कॉटलंडांत किलविनिंग गांवीं मठाच्या मनोऱ्यावरून असा पक्षी पुढें काढीत, व बेल्जममधील अँटवर्प येथें १९२० सालीं झालेल्या ऑलिंपिक सामन्यांतहि खांबावरचे पक्षी पाडण्याच्या धनुर्विद्येच्या शर्यती होत्या.

बंदूक आली, अंतर वाढलें, आणि निशाण पुन्हां मुकें झालें. मग त्याच्या वतीनें बोलण्यास एक माणूस नेमावा लागला. इंग्लंडांत नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली सभा १८६० सालच्या जुलै महिन्यांत विंबल्डनच्या माळावर भरली. व्हिक्टोरिया राणीनें ठोकळ्यावर पक्क्या बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीचा घोडा रेशमी दोरीनें ओढून पहिला बार काढला, आणि चारशें यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. त्या काळचीं निशाणें ओतीव लोखंडाचीं असत. त्यांना पांढरा रंग दिलेला असे. शिशाची मऊ गोळी त्यावर आदळून चपटी होई व करड्या रंगाचा डाग उठे. तो डाग पाहून खूणकरी इशारा देई आणि लगेच रंगाचा कुंचला फिरवून निशाण पुन्हां कोरें करी. ही अर्धवट बोलकीं निशाणें म्हणावीं. पण लोखंडावर आदळलेल्या शिशाचे कण आजूबाजूस उडत, त्यामुळें खूणकऱ्याला आडोशाचा आश्रय करावा लागे. पुढें कापडी निशाणें आलीं. तीं खंदकांतून वर सरकवावयाचीं, बार झाला कीं खालीं ओढावयाचीं, भोंकांत चकती खोंचावयाची व पुन्हां वर करावयाचीं. गोळी मुळींच लागली नसेल तर निशाण फडकवावयाचें. (येथें निशाण म्हणजे झेंडा. आपल्या भाषेंत दोघांना एकच शब्द असल्यामुळें ऐकणाराचा गोंधळ होतो, याला मी काय करणार?)

ही पद्धति जगभर चालली, व कांहीं ठिकाणीं अजूनहि चालते. तींत एक दोष मात्र उघड आहे. ज्याच्या शब्दावर पारितोषिक, क्वचित् बढतीहि, अवलंबून, तो माणूस खंदकांत बसलेला. त्याचें तोंडहि कोणास दिसत नाहीं. तो अप्रामाणिक असतो असें मी म्हणत नाहीं. पण एकाच भोंकांतून दोन गोळ्या गेल्या तर त्यानें काय समजावें? शेजारच्या नेमबाजानें चुकून तुमच्या निशाणावर गोळी झाडली तर? अशा वेळीं वाद होतात, आणि ज्याची गोळी खरोखर लागली तोच पुष्कळदां हरतो.

माझ्या नोकरीच्या काळांत शाळेच्या छात्रसेनेंतील मुलांना गोळीबाराच्या सरावासाठीं नेण्याचा प्रसंग अनेकदां आला. अंतर पंचवीस यार्ड, लहान रायफल, पालथें पडून पांच गोळ्या. पांच झाडून झाल्या, ‘बंद’चा हुकूम झाला, रायफली खालीं ठेवल्या, मग रांगेनें निशाणापाशीं जावयाचें. कागदावर पांच भोंकें असत; कधीं चारच. कोणतें भोंक कितव्या गोळीचें, हें एकाहि मुलाला सांगतां येत नसे. पहिल्या गोळीला श्वास रोखला होता, तिसरीला घोडा हिसकला, चवथीच्या वेळीं डोळा मिटला, हें सर्व तोंपर्यंत विसरलेलें असे. निबंधाची वही महिन्यानें तपासून परत दिली म्हणजे मुलगा तांबड्या खुणा मोजतो व वही मिटतो. तसाच हा प्रकार. शिकणाराला उत्तर हवें असतें तें कृति ताजी असतांना. बोलक्या निशाणाचें खरें मोल मला तेथें कळलें.

आतां ज्या निशाणाचा इतिहास मला सर्वांत मनोरंजक वाटतो त्याकडे वळूं. उडत्या पक्ष्यावर छऱ्याच्या बंदुकीनें नेम धरण्याची चढाओढ युरोप-अमेरिकेंत जिवंत कबुतरांवर होत असे. पेटींत कोंडलेलें कबुतर दोरी ओढून सोडावयाचें व तें उडतांच मारावयाचें. येथें ‘लागली’ याचा अर्थ पक्षी आखलेल्या रेषेच्या आंत मरून पडणें एवढाच. छरे लागलेला पक्षी रेषेबाहेर जाऊन पडला तर तो नेमबाजाच्या हिशेबीं चुकलेला. पक्ष्याच्या हिशेबीं काय, तें कोणी विचारीत नसे. १९०० सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिकच्या वेळींहि अशी शर्यत झाली व शेंकडों कबुतरें मारलीं गेलीं. इंग्लंडांत कोंडलेले पक्षी सोडून मारण्यास १९२१ च्या कायद्यानें बंदी झाली. पण पर्यायाचा शोध त्यापूर्वींच लागलेला होता, आणि माझ्या मतें कायद्याहून त्या पर्यायानेंच अधिक कबुतरें वांचविलीं.

पहिला पर्याय कांचेच्या गोळ्याचा. अ‍ॅडम बोगार्डस नांवाच्या अमेरिकन नेमबाजानें १८७७ सालीं हे गोळे हवेंत उडविणाऱ्या यंत्राचा हक्क नोंदविला. गोळा आंतून पोकळ असे, आणि कित्येकदां त्यांत पिसें भरीत. छरा लागला कीं कांच फुटून पिसांचा ढग हवेंत पसरे, व लांबच्या प्रेक्षकालाहि पक्षी मारल्याचा भास होई. युक्ति नामी होती. पण गुळगुळीत कांचेवरून छरा निसटून जाई. लागूनहि गोळा न फुटल्यास नेमबाज हळहळे. म्हणून बोगार्डसनें गोळ्याचा पृष्ठभाग खडबडीत केला. शिवाय मैदानभर कांचा पसरत, ही पीडा वेगळीच.

त्यानंतर १८८० च्या सुमारास सिन्सिनाटी येथील जॉर्ज लिगोवस्की यानें मातीची चपटी बशी आणली. पाण्यावर टप्पे घेत जाणाऱ्या चपट्या शिंपल्यांवरून त्याला ती सुचली असें सांगतात. गोल गोळा वर जाऊन खालीं पडतो; गरगर फिरणारी बशी मात्र पक्ष्याप्रमाणें तरंगत दूर जाते. येथें एक नवीच अडचण उभी राहिली. पहिल्या बशा भाजलेल्या मातीच्या होत्या व त्या इतक्या कठीण निघाल्या कीं, छरा लागला तरी घंटेसारखा नाद करून त्या अखंड पुढें जात. निशाण बोले, पण भलत्याच भाषेंत! कानाला ‘लागली’ म्हणे आणि डोळ्याला ‘चुकली’ म्हणे. पुढें चुनखडीची पूड व डांबरासारखी राळ यांच्या मिश्रणाच्या बशा होऊं लागल्या. आजची ऑलिंपिकची बशी ११० मिलिमीटर रुंद व सुमारें १०५ ग्रॅम वजनाची असते.

या बशीची खुबी नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. यंत्राचा हात तिला मोठ्या वेगानें झुगारतो; त्या धक्क्यानें ती फुटतां कामा नये. पण पुढल्याच क्षणीं चार-दोन बारीक छरे लागले कीं ती फुटलीच पाहिजे. मडकें घडविणाऱ्या कोणत्याहि कुंभाराला विचारा, एकाच वस्तूंत हे दोन गुण साधणें किती बिकट आहे तें तो सांगेल. आणि एवढें करूनहि वाद उरतोच. छरा चाटून गेला, बशीवरून थोडी धूळ उडाली, पण तुकडा तुटला नाहीं. मग काय समजावें? आंतरराष्ट्रीय नियम या बाबतींत स्पष्ट आहे. निदान एक दिसण्याजोगा तुकडा वेगळा झाला तरच बशी फुटली. नुसती धूळ उडाली तर ती चुकली. छरा लागल्याचें धूळ उघड उघड सांगत असतांना नियम तिची साक्ष अमान्य करतो, याचें प्रथम नवल वाटतें. विचार केल्यावर मला तो नियम योग्यच वाटला. धुळीचा भास उन्हानें होतो, वाऱ्यानें होतो, इच्छेनेंहि होतो. तुकडा खालीं पडलेला सर्वांना दिसतो. अलीकडे अंतिम फेरींत बशीच्या पोटांत रंगीत पूड भरतात. ती फुटली कीं आकाशांत रंगाचा फुगारा उठतो, आणि अशा बशीसाठीं पूड बाहेर दिसली तरी पुरते. बोगार्डसचीं पिसें शंभरांवर वर्षांनीं रंग होऊन परत आलीं म्हणाना!

आपल्या जत्रेंतील फुग्यांचा फळाहि याच जातीचा. हवेच्या बंदुकीनें फुगे फोडण्याचा हा खेळ न खेळलेला माणूस महाराष्ट्रांत विरळा. फुगा हें निशाण इतकें बोलकें कां, तर ताणलेल्या रबरांत शक्ति सांठविलेली असते. छऱ्यानें टाचणीएवढें छिद्र पाडलें कीं तो ताण स्वतःच पुढची फाडाफाड करतो व आवाजहि करतो. म्हणजे छऱ्यानें केवळ ठिणगी टाकावयाची, बाकीचें काम फुग्याचें. म्हणूनच धंदेवाईक लबाडाचे फुगे नेहमीं ढिले असतात. ढिल्या फुग्याला छिद्र पडलें तरी तो फुटत नाहीं. हळूहळू निवतो, आणि गिऱ्हाईक पुढच्या फुग्याकडे वळतें. बंदुकीची नळी वांकडी आहे अशी तक्रार सर्वच करतात, फुग्याकडे मात्र कोणी पाहत नाहीं.

इंग्लंडच्या मध्य भागांतील गुत्त्यांतून हवेच्या बंदुकीनें घंटा वाजविण्याची शर्यत असे. पोलादी पाटीच्या मध्यभागीं पाऊण बोटाएवढें भोंक आणि त्यामागें घंटा. छरा भोंकांतून गेला तर घंटा वाजते; न गेला तर पाटीवरच्या ओल्या पांढऱ्या लेपांत त्याचा ठसा राहतो. ही योजना मला विशेष आवडते. घंटा यश सांगते आणि लेप चूक सांगतो, दोन्ही एकाच क्षणीं.

मेक्सिकोंत पोलादी पत्र्यांतून प्राण्यांच्या आकृति कापून त्या पाडण्याचा खेळ निघाला व तेथून तो अमेरिकेंत गेला. कोंबडा २०० मीटरांवर, रानडुक्कर ३०० वर, टर्की पक्षी ३८५ वर आणि मेंढा ५०० वर. मेंढ्याचें वजन पन्नास पौंडांच्या घरांत असतें. नियम असा कीं, आकृति पडली तरच गुण. गोळी मेंढ्याच्या पायाला लागली, ‘टण्’ असा आवाज दीड सेकंदानें परतहि आला, पण मेंढा डुलून उभा राहिला, तर तो चुकलेलाच. येथें नुसता नेम पुरत नाहीं, आघातहि पुरेसा लागतो. ‘लागणें’ या शब्दाचा अर्थ निशाणाच्या घडणीप्रमाणें कसा पालटतो तें पाहा : कबुतराच्या शर्यतींत रेषेच्या आंत पडणें, बशीच्या शर्यतींत तुकडा तुटणें, येथें आडवें होणें.

पण बोलक्या निशाणानें एखाद्या खेळाचें स्वरूपच पालटल्याचें उदाहरण पाहावयाचें असेल तर तें बर्फाच्या देशांत पाहावें. बायथलॉन म्हणून एक शर्यत आहे. तींत पायांना स्की बांधून बर्फांतून कित्येक किलोमीटर धांवावयाचें आणि मध्येंच थांबून, धापा टाकीत, रायफलीनें नेम मारावयाचा. ऑलिंपिकमध्यें ती प्रथम १९६० सालीं स्क्वॉ व्हॅली येथें झाली. वीस किलोमीटरांची धांव, वीस गोळ्या, व प्रत्येक चुकीला दोन मिनिटांचा दंड. स्वीडनचा क्लास लेस्टँडर धांवण्यांत पंधरावा होता. परंतु त्याच्या विसाच्या वीस गोळ्या लागल्या आणि सुवर्णपदक त्याला मिळालें. त्या काळीं निशाण कागदी होतें. खेळाचा अर्धा जीव गोळ्यांत, आणि प्रेक्षकाला त्या गोळ्यांचा कांहींच पत्ता नाहीं! कोण पुढें आहे तें धांवणारालाहि नक्की माहीत नसे.

१९७८ पासून मोठ्या रायफलीच्या जागीं लहान रायफल व सर्वत्र पन्नास मीटरांचें अंतर आलें, आणि १९८० सालच्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकपासून पडणाऱ्या पाट्यांचें यांत्रिक निशाण आलें. पांढऱ्या पत्र्यांत एका ओळींत पांच काळीं वर्तुळें दिसतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे पत्र्यांतील एक भोंक असून त्यामागें काळी पोलादी पाटी उभी असते. पाटीला गोळी पुरेशा जोरानें लागली कीं ती मागें पडते व तिच्या जागीं पांढरी चकती येते. काळ्याचें पांढरें झालें. नेमबाजानें पाहिलें, प्रतिस्पर्ध्यानें पाहिलें, कुंपणापलीकडच्या हजारों लोकांनीं पाहिलें. पालथें पडून मारावयाचें तेव्हां ४५ मिलिमीटरांचें वर्तुळ भेदावें लागतें आणि उभ्यानें मारतांना ११५ मिलिमीटरांचें. काळें राहिलेल्या प्रत्येक वर्तुळासाठीं बहुतेक शर्यतींत १५० मीटरांच्या दंडाच्या वळणावर एक फेरी घालावी लागते. निकाल जागच्या जागीं व सर्वांदेखत कळल्यावांचून असा दंड देतांच येणार नाहीं. सांघिक शर्यतींत पांच गोळ्यांत पांच पाट्या पडल्या नाहींत तर हातानें एकेक भरावयाच्या तीन जादा गोळ्या मिळतात. छाती धडधडत आहे, बोटें गारठलीं आहेत, चार पाट्या पांढऱ्या झाल्या आहेत आणि पांचवी काळीच! तो काळा ठिपका हजारों लोक एकाच वेळीं पाहत असतात.

इतकी स्तुति केल्यावर या पाट्यांचा उणेपणाहि सांगितला पाहिजे. पाटी ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच बोलते. गोळी मधोमध लागली कीं कांठाला, तें ती सांगत नाहीं. आणि चुकली असेल तर उजवीकडे गेली कीं वर, याविषयीं तर ती अवाक्षर काढीत नाहीं. म्हणून शर्यतीपूर्वीं रायफल जुळवून घेण्याचें काम कागदी निशाणावरच होतें. नेमबाज झाडतो, गुरु मागें दुर्बीण लावून बसतो आणि ‘डावीकडे, खालीं’ असें सांगतो. बरोबर-चूक एवढीच खूण केलेली वही आणि कोठें चुकलें तें लिहिलेली वही यांतील अंतर आम्हां शिक्षकांना नवें नाहीं. बक्षिसासाठीं पाटी बरी, शिकण्यासाठीं भोंक बरें, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें आहे.

दोन्हींचा मेळ घालण्याची एक युक्ति अलीकडे निघाली आहे. चिकट पाठीच्या कागदावर झगझगीत पिंवळट हिरवा रंग, व त्यावर सहज सुटणारा काळा थर. गोळी आरपार गेली कीं भोंकाच्या सभोंवतालचा काळा थर कवडीएवढा उडून जातो व खालचा रंग उघडा पडतो. भोंक पूर्वींएवढेंच, पण त्याभोंवतीं त्याच्या कित्येक पट रुंद असें तेजस्वी वलय. आरंभीं आपण डोळ्याचा हिशेब केला होता तो येथें उलटविला आहे : भोंक मोठें करतां येत नाहीं, तर त्याची खूण मोठी करा. पंचवीस यार्डांवर पालथ्या पडलेल्या माझ्या मुलांना असा कागद मिळाला असता तर तिसऱ्या गोळीला घोडा हिसकला हें चवथीपूर्वींच त्यांना समजलें असतें.

परंतु स्पष्ट उत्तराची हौस कोठवर न्यावी यालाहि मर्यादा आहे. पोलादी पाटी जवळून मारली, अथवा ती गोळ्यांनीं खड्डे पडलेली असली, तर शिशाचे तुकडे मारणाराकडेच उलटतात. म्हणून अशा पाटीचें पोलाद कठीण व सपाट असावें, ती किंचित् पुढें झुकलेली असावी म्हणजे तुकडे जमिनीकडे जातात, आणि जवळपासच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच. याहून भयंकर प्रकार म्हणजे स्फोटक निशाण. अमोनियम नायट्रेट आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड यांचें मिश्रण भरलेलें भांडें वेगवान् गोळी लागतांच धडाक्यानें उडतें व धुराचा लोट उठतो. अमेरिकेंत २०१७ च्या एप्रिलमध्यें अ‍ॅरिझोना प्रांतीं एका गृहस्थानें, होणारें मूल मुलगा कीं मुलगी हें रंगाच्या धुरानें जाहीर करण्यासाठीं, असें निशाण वाळलेल्या गवतांत ठेवून उडविलें. गवत पेटलें, वारा होता, आणि सुमारें ४७,००० एकर रान जळालें. गोळी लागली होती, यांत संशय नाहीं.

आजच्या मोठ्या सामन्यांतून विजेचें निशाण आलें आहे. तें पडत नाहीं, फुटत नाहीं. बरेच दिवस त्याचें काम ध्वनीवर चालत आलें आहे. चौकटीच्या कोपऱ्यांत मायक्रोफोन बसविलेले असतात. गोळी पडदा भेदून जातांना आवाज होतो, तो जवळच्या मायक्रोफोनला आधीं पोंचतो व दूरच्याला मागाहून. या वेळांतील फरकावरून यंत्र गोळीची जागा काढतें. ध्वनीला एक मिलिमीटर जाण्यास लागणारा वेळ म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांतील सुमारें तीन भाग. इतकें बारीक मोजल्यामुळें दहाच्या वर्तुळाच्या आंतहि १०.९ पर्यंत दशांश गुण देतां येतात, आणि नेमबाजाच्या शेजारच्या लहान पडद्यावर, तसेंच प्रेक्षकांच्या मोठ्या पडद्यावर, ती गोळी ठिपका होऊन उमटते. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफलीच्या अंतिम सामन्यांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतलें, तेव्हां त्याच्या प्रत्येक गोळीचें उत्तर असेंच पडद्यावर आलें. त्या निशाणांतील दहाचें वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरांचें असतें. घरोघरीं दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या माणसांना तो ठिपका कुसाळेला दिसला तसाच दिसला.

तरीहि यंत्र एखादे वेळीं गोळी नोंदवीत नाहीं, अथवा नोंदलेली जागा नेमबाजाला मान्य होत नाहीं. त्यासाठीं नियमांत तरतूद आहे. विजेच्या निशाणाच्या पाठीमागें एक साधा पुठ्ठा लावून ठेवलेला असतो. तक्रार आली कीं पंच तो काढून आणतात, प्रकाशांत धरतात, आणि त्यावरचें भोंक पाहतात.